बाबा, दिवाळी अंक आणि बसता बसेना ते पॅकेज

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला माझ्या सासऱ्यांनी जाहीर केलं, की दिवाळी झाली की ते साताऱ्याला जाणार. कायमचे. तिथल्या एका वृद्धाश्रमात त्यांचे ऑफिसातले जुने मित्र राहतात. रोज दुपारी एक बाई येऊन सगळ्यांना वाचून दाखवते, असं त्या मित्रांनी फोनवर सांगितलं होतं. "तिकीट बघून ठेव," एवढं मुलाला सांगून बाबांनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि उठले. माझा नवरा "बरं" म्हणाला. आमच्या घरची रीतच आहे ही. जन्मभर बदल्यांची नोकरी केलेल्या माणसाचं घर ते. कुणी जातो म्हटलं की कधी एवढंच विचारायचं आणि बांधाबांधीला लागायचं.

मी कपबशा इतक्या जोरात आदळल्या की मुलगी आतून बघायला आली.

बाबांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दुखणं गेल्या वर्षी सुरू झालं. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दारातून कोणी आलं हे कळतं, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि छापील अक्षरं तर नाहीच नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं परत यायचं नाही. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि परत येताना गडियाहाटच्या बाजारात उतरून पेरू घेतले. मला वाटलं, काय खंबीर माणूस आहे. मग एक दिवस दुपारी लवकर घरी आले तर बाबा दिवाळी अंक उघडून, पान कानापाशी नेल्यासारखं तिरकं धरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक शब्द पकडायचा प्रयत्न करत होते. मला बघून त्यांनी अंक मिटला आणि पंख्याच्या वाऱ्याबद्दल काहीतरी बोलले.

दिवाळी अंक हे बाबांचं व्यसन. सासूबाई होत्या तेव्हापासूनचे अंक त्यांनी जपलेत. भोपाळ, गुवाहाटी, नागपूर, जिथे बदली झाली तिथे ते खोके गेले. सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडे कोलकात्याला आले तेव्हा त्यांचे कपडे एका बॅगेत मावले आणि अंकांना वेगळा ट्रक लागतो की काय असं झालं. ते एकदम वाचून संपवत नाहीत, वर्षभर पुरवून पुरवून वाचतात. इथल्या मराठी मंडळात नवे अंक उशिरा पोचतात आणि त्यांच्यासाठी नंबर लावावे लागतात. त्यात बाबांचा पहिला नंबर कुणी हिसकावला तर त्याची खैर नसे.

आता तुम्ही म्हणाल, मग घरातल्या कुणी वाचून दाखवायचं की. करून पाहिलं ना. माझी मुलगी मराठी बोलते, म्हणजे घरात बोलते, पण देवनागरी वाचते ती हिंदीच्या तासाइतकीच. एक परिच्छेद वाचायला ती इतका वेळ घ्यायची की बाबाच म्हणायचे, "राहू दे बाळा, तुझी दहावी आहे." माझा नवरा महिन्यातले अर्धे दिवस दौऱ्यावर. आणि मी सकाळी न्यू टाउनच्या ऑफिसला जायची बस पकडते ती दिवेलागणीला परत येते. रात्री जेवणं झाल्यावर अंक हातात घ्यायचे आणि दुसऱ्या पानावर माझीच मान कलंडायची. बाबा हळूच अंक काढून घ्यायचे. नंतर तर ते मला वाचायला सांगेनासेच झाले.

त्यांनी जाऊ नये असं मला का वाटत होतं, तेही सांगते. कोलकात्याला आलो तेव्हा माझी नोकरी सुटली होती आणि पुन्हा मिळेल अशी आशाही मी सोडली होती. बाबा इथे आले, महिनाभर त्यांनी माझी चिडचिड पाहिली आणि एक दिवस म्हणाले, "तू नोकरी बघ. घर मी बघतो." आणि खरंच बघितलं. दूधवाला, धुणंभांड्याची बाई, मुलीची शाळेची बस, संध्याकाळची मुगाची खिचडी. सासऱ्यांच्या हातची खिचडी आयती खाणारी सून आमच्या ह्या अख्ख्या बालीगंजात मी एकटीच असेन. शेजारच्या काकीमा तर अजून मला विचारतात, की असा सासरा कुठे मिळतो. शिवाय मी ऑफिसातून तणतणत आले की माझं सगळं ऐकून घेऊन वर माझ्याशी वाद घालणारं माणूस ते एकच. मंडळाच्या कार्यकारिणीपासून भाजीतल्या मिठापर्यंत कशावरही आम्ही भांडतो. लोकांना वाटतं पटत नाही. पण आमचं बोलणंच ते आहे.

तर मी ठरवलं, की ह्या माणसाला वाचून दाखवणारं काहीतरी घरातच उभं करायचं. साताऱ्याची ती बाई नको नि काही नको.

तयार गोष्टी फोनवर ऐकायला मिळतात, हे मलाही माहीत होतं. पण बाबांना हवे होते त्यांचे अंक, त्यांच्या खोक्यांतले, जे कुठेही मिळत नाहीत. म्हणजे पानाचा फोटो काढायचा, फोटोतली अक्षरं लॅपटॉपने ओळखायची आणि मोठ्याने वाचायची. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, लिहायचं नाही, तरी पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा थोडीफार येते. ऑफिसातल्या माझ्या बंगाली मैत्रिणीने सांगितलं की अक्षरं ओळखायचं काम करणारं इंजिन फुकट मिळतं, त्याला मराठी येतं, आणि पायथनमधून ते चालवायला एक छोटं पॅकेज आहे. मराठी वाचणारा आवाज तर लॅपटॉपमध्ये आधीपासूनच होता. राहिलं काय? एक पॅकेज बसवायचं. एका ओळीची कमांड.

म्हणतात ना, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

माझा लॅपटॉप नवा होता, दुर्गापूजेच्या आधीच घेतलेला. त्यातला प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे मोबाइलमध्ये असतो तसा. वीज कमी खातो, तापत नाही, पण जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरची भाषा वेगळी आणि ह्याची वेगळी. एकासाठी तयार केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला थेट कळत नाही. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. माहीत असणं आणि भोगणं ह्यात फरक आहे, तो त्या रविवारी कळला.

इंजिन बसलं. मग पॅकेजची कमांड दिली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि शेवटी लाल अक्षरांत एरर आली. आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची जात, जुळत नाही, आहे एआरएम, हवं जुनं. मी म्हटलं, जुनं कुणाला हवंय? लॅपटॉप तर नवाकोरा आहे. कमांड पुन्हा दिली. पुन्हा तेच. पॅकेज काढलं, परत घातलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, इंजिन काढून पुन्हा बसवलं. तेच. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मी इंटरनेटलाही शिव्या घालून घेतल्या.

मला यंत्रांशी बोलायची सवय आहे. मिक्सरशी बोलते, गीझरशी बोलते. लॅपटॉपशी तर त्या आठवड्यात मी इतकं बोलले की मुलगी अभ्यासाला गच्चीवर जाऊन बसू लागली. ऑफिसातून आलं की हातपाय धुवायचे आणि जेवणाच्या टेबलावर तो उघडून बसायचं. टेबलाच्या पलीकडेच बाबांची खोली. दार उघडं असायचं, ते कॉटवर पडून रेडिओ ऐकत असायचे. एका संध्याकाळी माझा तोल इतका गेला, की मी त्या लॅपटॉपला म्हटलं, "मुडद्या, तुला समजतंय का? तू चालला नाहीस तर ते जाणार आहेत. ते गेले की मी घरी येऊन कुणाशी बोलू, तुझ्याशी?" मग उठून भाजी ढवळली आणि पुन्हा येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मैत्रिणीसमोर मी रडगाणं गायलं. ती डेटाच्या टीममध्ये आहे आणि तिला ह्यातलं बरंच कळतं. मला ती प्रेमाने बर्गी म्हणते. शेकडो वर्षांपूर्वी बंगालवर चाल करून आलेल्या मराठी घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणत. त्यांच्या धास्तीने ह्या लोकांनी बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता, आणि तो राग अजून चेष्टेत शिल्लक आहे. तर ती म्हणाली, "बर्गी, तू एररवर ओरडतेस, पण पायथनला एक प्रश्न विचारलास का? तो स्वतःला कुठल्या मशीनवर समजतो?"

संध्याकाळी घरी येऊन विचारलं. त्यासाठीही एका ओळीची कमांड आहे. पायथनने उत्तर दिलं ते जुन्या प्रोसेसरचं नाव.

मग डोक्यात प्रकाश पडला. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा मी काय केलं होतं? जुना शेजारी ठेवून 'सगळं जसंच्या तसं आण' असं सांगितलं होतं. सगळं. अगदी कधी न उघडलेल्या फोल्डरांसकट. दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं मला. ह्या घरात लग्न करून आले तेव्हापासून मी हेच बघत आलेय. बदली झाली की प्रत्येक खोक्यावर रंगाने आकडा घालायचा आणि एकही वस्तू मागे ठेवायची नाही. सासूबाईंनी गुवाहाटीचा फुटका माठ नागपूरला नेला होता, तिथे कुंडी होईल म्हणून. नव्या घरात पोचलं की आधी जुनं घर जसंच्या तसं मांडायचं, मगच चहा. मी तसंच केलं होतं. जुन्या लॅपटॉपमधला पायथन उचलून नव्यात आणून मांडला होता. आणि नव्या लॅपटॉपमध्ये एक दुभाष्या असतो, तो जुन्या सॉफ्टवेअरचं बोलणं गुपचूप भाषांतर करून देतो, म्हणून इतके दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. नवं इंजिन आणि जुना पायथन समोरासमोर आले तेव्हा मात्र दुभाष्याने हात टेकले.

जुना पायथन काढला. एआरएमचा पायथन आणून बसवला. पुन्हा विचारलं, तू कुठल्या मशीनवर? म्हणाला, एआरएम. मी खुशीत कमांड दिली, पॅकेज बसलं, प्रोग्रॅम चालवला. लाल एरर. आर्किटेक्चर जुळत नाही, पण आता उलटं. आहे जुनं, हवं एआरएम.

हसावं की रडावं कळेना. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मग मी इंटरनेटवर शोधायला लागले, आणि तिथे माझा संताप अजून वाढला. जगभरात माझ्यासारखी शेकडो माणसं ह्याच खड्ड्यात पडली होती. प्रत्येकाने प्रश्न कसा तपशीलवार विचारला होता. आणि मग खाली काय? "सुटलं, धन्यवाद." अरे, सुटलं तर कसं सुटलं ते सांग की बाबा. आपलं काम झालं की दार लावून घ्यायचं, मागून येणारा राहिला बाहेर. कुणी सांगत होतं लॅपटॉप पूर्ण पुसून टाक. कुणी म्हणत होतं तू हे मशीन घेतलंसच का. फुकटच्या सल्ल्यांना कुठे तोटा नाही.

पण एक माणूस निघाला. पुरुष की बाई तेही ठाऊक नाही, कारण नावाच्या जागी काहीतरी अक्षरं-आकडे होते. त्याने लिहिलं होतं, की माझं काम आज झालं, आता मी विसरण्याआधी सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याचा वेळ वाचेल. आणि एखाद्या आजीने पाककृती सांगावी तसं सगळं सांगितलं होतं. आधी बघा, इंजिनची दुसरी, जुनी प्रत तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठे लपलीय का. जुन्या मशीनवरून सामान आणलं असेल तर नक्की असणार. पॅकेज आधी तीच शोधतं. ती काढून टाका, फोल्डरसकट. मग पायथनसाठी एक वेगळी रिकामी जागा तयार करा, आधीची वापरू नका. मग पॅकेज बसवताना त्याला सांगा, साठवून ठेवलेली जुनी प्रत घेऊ नकोस, नवीनच आण आणि इथेच जुळव.

मी बघितलं तर खरंच होती. कधीकाळी ऑफिसच्या कसल्याशा कामासाठी हेच इंजिन मी जुन्या लॅपटॉपवर घातलं होतं आणि विसरले होते. तेही बिऱ्हाडाबरोबर आलं होतं. मी ते फोल्डर पुसलं. पुसताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू. ह्या घरात काही टाकून द्यायची सवयच नाही. पण पुसलं, आणि त्या अनोळखी माणसाने सांगितलं तसं एकेक करत गेले.

ह्या वेळी लाल काही आलं नाही.

मी नमस्कार केला. देवघराकडे नाही, पडद्याकडे. त्या नाव नसलेल्या माणसाला. आणि त्याच्यामागे असलेल्या सगळ्यांना. कुणीतरी कुठेतरी बसून यंत्राला आपली अक्षरं शिकवली असतील, जोडाक्षरं शिकवली असतील, आणि वर ते फुकट ठेवून दिलं असेल. त्यांना माझे सासरे माहीत नाहीत. मला ती माणसं कधी भेटायची नाहीत. पण तेव्हा मला ती जवळच्या नात्यातली वाटली, आणि अजून वाटतात.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दिवाळी तोंडावर आलेली, खाली गल्लीत कालीपूजेच्या मांडवाचे बांबू ठोकणं चाललेलं. नवरा दौऱ्यावरून परतला होता आणि पेपर घेऊन बसला होता. मी बाबांना टेबलाशी आणून बसवलं आणि म्हटलं, एक अंक काढा, कुठलाही. त्यांनी कपाटात हात घातला, अंकांच्या पाठींवरून बोटं फिरवली आणि एक ओढून काढला. मधलीच एक गोष्ट उघडून मी पानाचा फोटो घेतला. जरा वेळ गेला, आणि मग लॅपटॉप बोलू लागला.

आवाज काही फार गोड नव्हता. पूर्णविरामाला थांबायचा, स्वल्पविराम गिळून टाकायचा. पण वाचत होता. बाबा मान एका बाजूला करून, दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत होते. पहिलं पान संपलं. "पुढचं," ते म्हणाले. मी दुसरं लावलं. तिसरं लावलं. मध्ये एकदा त्यांना हसू आलं, गोष्टीतल्या एका मामांच्या फजितीवर. किती महिन्यांनी मी त्यांना वाचनावर हसताना पाहत होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, आता तरी जाऊ नका."

"कुठे?" बाबा म्हणाले.

"साताऱ्याला. दुसरं कुठे?"

"ते होय. ते मी ह्याला कधीच सांगितलं, तिकीट काढू नकोस म्हणून."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पेपर वर केला आणि त्याच्याआडून म्हणाला, "तुला सांगू नको म्हणाले होते."

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "मी इथे जीव काढतेय रोज."

"सांगितलं असतं तर तू ते अर्ध्यावर सोडलं असतंस," बाबा म्हणाले. "आणि मला गोष्ट ऐकायची होती."

 बाबांनी अंकाचं पान चाचपलं, त्याची दुमडलेली कड सरळ केली.

"डोळे गेलेत गं माझे, कान नाही गेले. त्या दिवशी तू ह्या डब्याला विचारत होतीस, ते गेले की मी कुणाशी बोलू. मी तिकडे रेडिओ बंद करून ऐकलं. मी जातो म्हटल्यावर राहा असं कुणी म्हणालं नव्हतं. मला वाटलं, सुटलात तुम्ही. मला राहा कुणी म्हणायलाच नको का?"

 खाली बांबू ठोकणं तेवढं चालू होतं. माझा चेहरा त्यांना दिसत नाही, ह्याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. मी आवाज न करता पदर डोळ्यांना लावला.

"तुझं रडून झालं," बाबा म्हणाले, "की पान बदल."